धाकू सुकाण्याचा ऑस्ट्रेलियातला वाटा

नाव: धाकू लवू पिलणकर. राहणार: मौजे भाट्ये, तालुका व जिल्हा रत्नागिरी. वय: सन १९१९ मध्ये अंदाजे सदतीस, सन १९३१ मध्येही अंदाजे सदतीस. उंची: पाच फूट पाच इंच. अंगावरील खूण: उजव्या तळपायास जुन्या जखमेचा व्रण. हुद्दा: सुकाणी. काम: फार चांगले. वर्तणूक: फार चांगली. ऑस्ट्रेलिया खंडाच्या सफरी: चौदा. गाठलेली बंदरे: फ्रीमँटल, अ‍ॅडलेड, मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन.

हा मजकूर एका जाड कागदावर इंग्रजीत होता आणि तो कागद पत्र्याच्या एका नळीत गुंडाळून ठेवलेला असे. नळीत राहतो म्हणून भाट्याचे खलाशी त्या कागदालाच 'नळी' म्हणत. नळी असली तर आगबोटीवर काम, नसली तर घरी जाळी विणायची. तळपायाचा व्रण दाखवण्यासाठी मुंबईच्या कचेरीत धाकूला कारकुनाच्या टेबलावर पाय ठेवावा लागला होता. त्यानंतर त्या तळव्याची सरकारने पुन्हा कधी चौकशी केली नाही.

वय सोडलं तर नळीतलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त माणूस जहाजावरून खाली उतरला की नाही, हे लिहायला तिच्यात रकाना नव्हता. असता तर चौदाही सफरींपुढे 'निरंक' असं लिहावं लागलं असतं.

त्याचं कारण वर्तणुकीच्या रकान्यात होतं. जहाज धक्क्याला लागलं की शिडीच्या तोंडाशी रात्रंदिवस एक सुकाणी उभा लागतो. त्या देशाचा कायदा असा, की काळ्या कातडीचा खलाशी उतरून पसार झाला तर कंपनीला जबर दंड. कंपनी मग सारंगाला धरणार. सारंग होता भाट्याचाच विठू, आणि त्याने खलाशी भरले होते ते आपल्याच वाडीतून, म्हणजे एखादा पळाला असता तर विठू सारंगाला आधी साहेबापुढे आणि मग पळालेल्याच्या आईपुढे उभं राहावं लागलं असतं. साहेब त्यातल्या त्यात बरा. तेव्हा शिडीवर माणूस हवा तो दारू न पिणारा, डुलकी न घेणारा आणि परवानगीची चिठ्ठी नसताना 'जरा पाय मोकळे करून येतो' ह्या वाक्याने न विरघळणारा. हे सगळे गुण धाकूच्या अंगी होते आणि त्यांची शिक्षा तो बारा वर्षं भोगत होता. बाकीचे सुकाणी आपापली पाळी त्याच्या गळ्यात घालून उतरायचे.

पण फुकट नाही. भाट्याच्या वाळूवर रापण ओढतात, तिचा एक रिवाज आहे. जो होडी वल्हवून जाळं टाकतो त्याला मासळीचा वाटा, जो किनाऱ्यावरून दोर ओढतो त्याला वाटा, आणि जो नुसता वाळूत बसून सामानाची राखण करतो त्यालाही तेवढाच वाटा. राखणदाराने कुठे कष्ट केले, असं भाट्यात कुणी विचारत नाही. हाच रिवाज धाकूने जहाजावर लावला. जो खाली जाईल त्याने परत आल्यावर शिडीच्या पहिल्या पायरीवर बसायचं आणि काय पाहिलं ते सगळं सांगायचं. तोवर वर सोडणार नाही.

अशा रीतीने धाकूला ऑस्ट्रेलिया मिळू लागली, आणि ती वाट्यावाट्याने मिळाल्यामुळे एकेकट्याने पाहिलेल्यापेक्षा पुष्कळ मोठी झाली. रघू भाटकर हा त्याचा लहानपणचा सोबती. त्याच्या वाट्यात दारूचे गुत्ते, ट्राम आणि मारामाऱ्या असायच्या. विठू सारंग जुनी शिवणयंत्रं विकत घ्यायला फिरायचा, त्यामुळे गल्ल्याबोळ त्याच्याकडून आले. एका म्हाताऱ्या खलाशाला प्राण्यांचा नाद होता. त्याने कांगारू दिला. सगळ्यांच्या हकिगती जिथे जुळत नसत तिथे धाकू उलटतपासणी घ्यायचा. "रघ्या, मागच्या फेरीला तू बोललास नदी गावाच्या मधनं वाहते. सारंग बोलतो कडेनं. नदी हलली, का तू हलत होतास?" शिवाय धक्क्यावर चित्रांची कार्डं विकणारा एक म्हातारा गोरा येत असे. धाकू ती शिडीवर उभ्या उभ्याच घेई आणि साहेबांच्या जेवणघरातल्या गोवेकर बटलरकडून त्यांवरची अक्षरं वाचून घेई. बारा वर्षांत सत्तेचाळीस कार्डं जमली. ती नळीत, सरकारी कागदाच्या पोटात राहत.

१९३१ साली मंदीने जहाजं नांगराला लागली आणि धाकू घरी आला. घरी म्हणजे यमुनाबाईकडे. ती त्याची बायको. बारा वर्षं तिने एकटीने नारळाची झाडं, एक म्हैस आणि अखेरपर्यंत सासू सांभाळली होती. तिच्या वाट्याला दर फेरीनंतर जे आलं ते म्हणजे पंधरा दिवस नवरा आणि ऑस्ट्रेलिया. नवरा परत जायचा, ऑस्ट्रेलिया राहायची. विहिरीवर ती बायकांना मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट सांगे, जिच्यासाठी सरकार कचेऱ्यांना सुट्टी देतं. बायका म्हणत, "यमुने, तुझ्या घोवानं दुनिया तुडवली गो." ती हंडा उचलता उचलता म्हणे, "तुडवली तर."

ह्या 'तर'मुळे धाकूला आपण कधी उतरलोच नाही हे सांगता येईना. पहिल्या सफरीनंतर सांगायला हवं होतं, तेव्हा त्याला वाटलं, पुढच्या फेरीला उतरूच. चौथ्या फेरीला सांगणं अवघड झालं आणि नवव्या फेरीला अशक्य. तो खोटं बोलत नसे. 'मी गेलो' असं तो म्हणत नसे, 'तिथं असा आहे' असं म्हणे. यमुनाबाईच्या ध्यानात हा फरक यायचं कारण नव्हतं.

मजा अशी की जे त्याने खरोखर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं त्यावर तिचा विश्वास नव्हता. सुकाणावर उभा असताना त्याने भरदुपारी सूर्य उत्तरेला पाहिला होता.

"उत्तरेला? दुपारचा?" यमुनाबाई म्हणायची. "कायतरीच. मला काय येडी समजता?"

त्या म्हाताऱ्या खलाशाकडून ऐकीव आलेला, पोटाच्या पिशवीत पोर घेऊन उड्या मारणारा प्राणी मात्र तिने पहिल्या दिवशीच मान्य केला होता.

१९३४ च्या एप्रिलात रत्नागिरीतल्या वाचनालयाचे चिटणीस आप्पा बेहेरे तरीने खाडी ओलांडून भाट्यात आले. आप्पा वकील होते आणि त्यांची वकिली अशी चालली होती की वाचनालयाला भरपूर वेळ देता येई. वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे ते सोळावे वर्ष होते. आजवर तिच्यात इटलीवर, जपानवर आणि ध्रुवप्रदेशावर व्याख्याने झाली होती, आणि एकाही वक्त्याने कोल्हापूर ओलांडलेले नव्हते. आप्पांचे स्वतःचे 'स्वित्झर्लंडातील सरोवरे' तीनदा झाले होते. तिसऱ्या वेळी सरोवरांची खोलीही त्यांना पाठ होती.

"धाकूशेट, तुम्ही बोलायचं," आप्पा ओटीवर बसत म्हणाले. "विषय मी ठरवून टाकलाय. 'ऑस्ट्रेलिया खंडातील प्रेक्षणीय नगरे व निसर्गशोभा.'"

"मी चार बुकं शिकलेला माणूस, आप्पा."

"तेच तर! आमच्याकडे शिकलेले पुष्कळ आहेत. पाहिलेला एक तरी नको का?"

यमुनाबाई आतून ताक घेऊन आली, आणि ताक ठेवून आत न जाता दाराला टेकून उभी राहिली. धाकूने तिच्याकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

आठवड्याने छापील पत्रकं आली. वक्त्याच्या नावापुढे लिहिलं होतं: 'प्रत्यक्षदर्शी'. धाकूने तो शब्द शाळेतल्या पोराकडून दोनदा वाचून घेतला आणि त्याचा अर्थ कळल्यावर तसाच तरीवर बसून आप्पांचं घर गाठलं.

"आप्पा, तेवढा एक शब्द काढा."

"का? चूक आहे का त्यात?"

"चूक नाय. जड वाटतो."

"छापून झालंय हो. आणि अहो, जड शब्दाशिवाय पुढच्या खुर्च्या भरत नाहीत."

त्याच आठवड्यात शनिवारच्या बोटीने पुतणीच्या लग्नासाठी रघू भाटकर मुंबईहून उतरला. रघू आता गोदीत मुकादम होता. धाकू शिडीवर होता आणि खाली नव्हता, ही गोष्ट भाट्यात सांगू शकेल असा हा एकटाच माणूस उरला होता. विठू सारंग वारला होता आणि बाकीचे काम शोधत मुंबईलाच राहिले होते. संध्याकाळी धाकूने रघूला वाळूवर गाठलं. रघू पालथ्या घातलेल्या होडीवर बसून विडी ओढत होता.

"काय रे प्रत्यक्षदर्शी!" रघू लांबूनच ओरडला.

"हळू बोल, मेल्या."

"पत्रक बोटीवरच वाचला. माझ्या मुलखातला माणूस भाषण करणार म्हणून मी चार जणांना सांगितला पण."

"रघ्या, तू येऊ नको."

"वा! पुढं बसणार मी."

"आणि कुणी विचारला तर?"

रघूने विडीची राख झाडली. "मला कोण विचारणार? विचारला तर बघू. खोटा मात्र मी बोलणार नाय, धाकू. लग्नघरात आलोय."

लग्नघर आणि खोटं बोलणं ह्यांचा संबंध धाकूला उमगला नाही, पण रघूला एकदा एखादी गोष्ट सुचली की ती नियमासारखी वागवायची त्याची सवय होती.

व्याख्यानाला वाचनालयाचं दालन भरलं. पुढे वकील, मास्तर आणि पेन्शनर. मागे भाट्याची, मिऱ्याची दर्यावर्दी माणसं, जी त्या दालनात पहिल्यांदाच शिरली होती आणि खुर्च्या रिकाम्या असून उभी राहिली होती. एका बाजूला बायका. त्यांत यमुनाबाई, लग्नातलं लुगडं नेसून. आणि मधल्या रांगेत लांज्याकडचा एक शेतकरी, महिपत नावाचा. तो बांधाच्या दाव्यासाठी आप्पांकडे आला होता. आप्पांनी त्याला 'कागद उद्या बघू, आज ज्ञान घे' म्हणून आणून बसवलं होतं.

धाकू उभा राहिला. पाय त्याने जहाजावर उभं राहतात तसे फाकवून ठेवले.

आणि मग तो बोलला. फार छान बोलला. फ्रीमँटलजवळच्या पांढऱ्या वाळूत लोक कपडे काढून मुद्दाम उन्हात पडतात आणि शार्क असलेल्या पाण्यात हौसेने शिरतात. अ‍ॅडलेडचे रस्ते सोंगट्यांच्या पटासारखे आखलेले असून तिथे माणूस हरवूच शकत नाही. एक खलाशी हरवला होता, पण ती शहराची चूक नव्हे. पुढच्या रांगेत रघू खोकला. मेलबर्नला ट्राम आणि शर्यत. सिडनीच्या मागे निळे दिसणारे डोंगर, त्यांत एका रांगेत उभे तीन सुळके, ज्यांना तिथे तीन बहिणी म्हणतात. डोंगरांच्या पोटात गुहा, गुहांत विजेचे दिवे. हे सांगताना तो एकेक कार्ड पुढे फिरवायला देत होता. सिडनीच्या खाडीवरचा पूल त्याने कार्डाशिवाय सांगितला. तो दोन्ही तीरांवरून निघालेला त्याने पाहिला होता, दर फेरीला दोन्ही टोकं थोडी जवळ आलेली. आणि शेवटच्या फेरीला वर पाहिलं तर टोकं मिळालेली. "मला वाटला," धाकू म्हणाला, "की माझ्याच घरचा काम पुरा झाला."

खंडाच्या मधल्या वाळवंटाबद्दल एका मास्तरांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तिथं आमच्यातला कुणी गेला नाय. माहीत नसलेला मी सांगणार नाय." पुढच्या रांगेला हे फार आवडलं. आप्पा बेहेऱ्यांना किंचित आवडलं नाही.

टाळ्या झाल्या. आप्पा आभारासाठी उठत होते, तेवढ्यात महिपत उभा राहिला.

"ह्ये सगळं झ्याक हाय," तो म्हणाला. "पण तिथली माती कशी? तांबडी का काळी? भात व्हईल का?"

लोक हसले. महिपतला हसण्यासारखं काही दिसलं नाही. तो उभाच राहिला.

सत्तेचाळीस कार्डांत माती नव्हती. रघूच्या, सारंगाच्या, कुणाच्याच वाट्यात माती आली नव्हती. दर्यावर्दी माणूस जमिनीवर गेला की आजूबाजूला बघतो, खाली बघत नाही. धाकूने बायकांच्या बाजूला एकदा पाहिलं. यमुनाबाई पदर सावरून उत्तराची वाट बघत होती. उत्तर असणारच, असं तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

"फ्रीमँटलची पांढरी," धाकू सावकाश म्हणाला. "शिंपल्यांचा चुरा असलेली, हाताला खरखरीत. मेलबर्नची राखाडी, लोण्यासारखी. सिडनीची काळी. तिला कुजक्या कालवांचा वास येतो, अंगावर उडाली तर दोन दिवस जात नाय."

"हां!" महिपत खूश झाला. "काळी म्हंजे भात व्हईल. पर शेतात कालवं कशी?"

धाकूने नळी टेबलावर ठेवली.

"ती शेतातली नाय," तो म्हणाला. "बंदराच्या बाहेर नांगर टाकतात. तो वर घेताना साखळीला तळाचा चिखल येतो. तो धुवून घ्यायचा काम माझा होता. मी सांगितली ती पाण्याखालची माती."

"मग जमिनीवरची?"

"ती मला माहीत नाय. मी खाली उतरलो नाय. चौदा फेऱ्यांत एकदापण नाय. पहारा माझा असायचा."

पुढच्या रांगेत कुणीतरी 'अरेच्चा' म्हटलं. एका पेन्शनरांनी खिशातून पत्रक काढून तो एक शब्द पुन्हा वाचला. बायकांकडे बघायचं धाकूला धैर्य झालं नाही. तेव्हा खुर्ची वाजली आणि रघू भाटकर उभा राहून मागे, भाट्याच्या माणसांकडे वळला.

"ह्यानं शिडी धरली म्हणून आमी उतरलो," तो म्हणाला. "मी, विठू सारंग, सगळे. रापणीला राखणदाराला वाटा देतात का नाय?"

"देतात तर!" मागून पाच-सहा आवाज आले.

"अर्धा देतात?"

"अख्खा!"

"मग हा त्याचा वाटा. आमी मोजून दिलेला. चोरीचा नाय." आणि खाली बसता बसता म्हणाला, "अ‍ॅडलेडात हरवला तो मी."

"तुमी उतरला व्हता नव्हं?" महिपतने त्याला सोडलं नाही. "मग सांगा, माती कशी?"

"मी बघितली नाय," रघू म्हणाला. "फरशी होती."

आप्पा बेहेरे आभाराला उठले ते वेगळ्याच उत्साहाने. ज्या प्रदेशाला पाय लागलेला नाही त्याविषयी निःपक्षपातीपणे बोलता येते, असे ते म्हणाले, आणि ही आपल्या व्याख्यानमालेची जुनीच परंपरा असून श्रीयुत पिलणकरांनी तिला बट्टा लागू दिला नाही याचा त्यांना आनंद होता. सोळा वर्षांत त्यांचं एवढं मनापासून भाषण झालं नव्हतं.

परतताना तरीत यमुनाबाई एका टोकाला बसली, धाकू दुसऱ्या. मधे माणसं होती. घराच्या पायरीशी ती थांबली.

"दुपारचा सूर्य उत्तरेला असतो," ती म्हणाली, "ता कुणी सांगितला?"

"कुणी नाय. ता मी बघितला."

"आणि पूल?"

"पूल पण माझा."

तिने कमरेची किल्ली काढली. "म्हणजे मी जो खोटा समजत होते तो तुमचा, आणि जो विहिरीवर सांगितला तो त्या रघ्याचा."

"पोटात पिशवीचा प्राणी रघ्याचा नाय. तो म्हाताऱ्या खलाशानं दिला."

"जळो तो प्राणी." तिने कुलूप काढलं. मग पाठमोरीच म्हणाली, "माझ्यापाशी एकदा सांगायचा होता. मी काय महिपत होते?"

दोन दिवस ती कामापुरतं बोलली. विहिरीवर काय बोलली ते धाकूला कळलं नाही; एवढंच कळलं की कुणी तरी हसलं, तेव्हा यमुनाबाईने, 'तुझा घोव कुठं उतरला गो? चुलीपासनं पडवीत!' असं विचारून विषय संपवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी बांधून उभी होती.

"मैना ती बारा वर्षं बोलावत होती," ती म्हणाली. मैना तिची चुलतबहीण, पावस गावी दिलेली. "तुमी जहाजावर म्हणून मी घर सोडला नाय. तुमी उतरला नाय, मी पण उतरले नाय. आता दोघं जाऊ. आंबे हायत तिथं, नारळ हायत. बघण्यासारखा हाय म्हणतात."

पावसच्या बंदराला, रनपारला जाणाऱ्या होडीत दहा-बारा माणसं होती. वारा बरा होता. यमुनाबाईला मळमळलं, पण तिने ते कबूल केलं नाही. किनाऱ्याला होडी लागली तसा धाकू सगळ्यांत आधी उठला, फळी टाकली, फळीच्या तोंडाशी पाय फाकवून उभा राहिला आणि एकेकाला हात देत उतरवू लागला. म्हातारे उतरले, कोंबड्यांची टोपली उतरली, यमुनाबाई उतरली. होडी रिकामी झाली तरी तो फळीशी उभाच.

"काय झाला?" यमुनाबाईने वाळूतून विचारलं.

"काय नाय."

"मग उतरा. मी धरते फळी."

तिने खरंच वाकून फळीचं टोक धरलं. धाकू उतरला, आणि पावसपर्यंतचा चढ दोघं चालत गेले.

पावसची नोंद नळीत नाही. तिथली माती तांबडी आहे.